वाचकांचे प्रश्न : मेंदूतील अनोळखी गाठ कशी ओळखतात?

मेंदूतील गाठींविषयी आलेल्या पत्रांमध्ये या वेळी एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसली. एमआरआयच्या अहवालात गाठीचे नाव ठामपणे लिहिलेले नाही, तीन-चार शक्यता लिहून प्रत्येकीपुढे प्रश्नचिन्ह टाकले आहे, आणि सारे कुटुंब त्या प्रश्नचिन्हांपाशी अडकून पडले आहे. शस्त्रक्रियेत काढलेला मेंदूचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून निदान देणे हे माझे काम आहे. त्यामुळे खालील उत्तरे मी त्या टेबलावरून लिहीत आहे. पत्रात दिलेल्या माहितीपलीकडे मी रुग्णाला पाहिलेले नाही, म्हणून उपचारांचा अंतिम निर्णय आपल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

प्रश्न : स. न. वि. वि. माझ्या पत्नीचे वय ५८ आहे. तीन महिन्यांपासून तिला विसरायला होऊ लागले, चालताना तोल जाऊ लागला आणि बोलणे एकदम कमी झाले. एमआरआयमध्ये मेंदूत खोलवर दोन गाठी दिसल्या. येथील डॉक्टरांनी सूज उतरावी म्हणून डेक्सामेथासोनची इंजेक्शने सुरू केली आणि आठवडाभरात ती इतकी सुधारली की स्वतः स्वयंपाक करू लागली. बायोप्सीसाठी मोठ्या शहरात नेले, तर तेथील नव्या एमआरआयमध्ये गाठी जवळजवळ दिसेनाशा झाल्या होत्या. सर्जन म्हणतात, आता थांबू. गाठ परत दिसली की बायोप्सी करू. गाठ गेली असेल तर बायोप्सी कशाला, आणि राहिली असेल तर थांबायचे कशाला? (सांगली जिल्ह्यातील एक वाचक)

उत्तर : आपण लिहिलेला घटनाक्रम वाचताच आमच्या क्षेत्रातील कोणाच्याही मनात पहिली शंका येईल ती मेंदूच्या प्राथमिक लिम्फोमाची. लिम्फोमा हा लसीका पेशींचा कर्करोग आहे. तो बहुतेक वेळा मानेतल्या, काखेतल्या किंवा पोटातल्या गाठींमध्ये होतो, परंतु काही रुग्णांमध्ये तो केवळ मेंदूत, डोळ्यांच्या आत किंवा मेंदूभोवतीच्या पाण्यातच आढळतो आणि शरीरात इतरत्र त्याचा मागमूसही नसतो. मेंदूतच उगम पावणाऱ्या सर्व गाठींमध्ये त्याचा वाटा शेकडा चारच्या आसपास आहे. बहुतेक रुग्ण पन्नाशी ओलांडलेले असतात, आणि विसराळूपणा, अबोलपणा, चालण्यातला मंदपणा अशीच त्याची सुरुवात असल्यामुळे पुष्कळदा घरच्यांना आधी वयाचा परिणाम किंवा नैराश्य वाटते.

या गाठीत पेशी एकमेकींना चिकटून दाटीवाटीने वाढतात. त्या दाटीमुळे तिथल्या पाण्याच्या कणांना हालचाल करायला वाव राहत नाही, आणि एमआरआयच्या डिफ्यूजन नावाच्या छायाचित्रात गाठ उजळ दिसते. साध्या सीटी स्कॅनवरही ती आजूबाजूच्या मेंदूपेक्षा किंचित पांढरी असते. कॉन्ट्रास्टचे इंजेक्शन दिल्यावर ती मध्ये पोकळी न सोडता सर्वत्र सारखी उजळते, आणि तिची आवडती जागा म्हणजे मेंदूतील पाण्याच्या पोकळ्यांच्या कडा किंवा दोन अर्धगोलांना जोडणारा पूल. पहिल्या एमआरआयच्या अहवालात अशी वर्णने आहेत का, ते आपल्या डॉक्टरांना जरूर विचारावे.

आता स्टेरॉइडविषयी. डेक्सामेथासोन दोन गोष्टी करते. पहिली म्हणजे, गाठीमुळे गळक्या झालेल्या रक्तवाहिन्या ते पुन्हा घट्ट करते. त्यामुळे सूज ओसरते आणि कॉन्ट्रास्टही गाठीत पूर्वीइतके उतरत नाही. हा परिणाम जवळजवळ सर्व गाठींत दिसतो. दुसरी गोष्ट मात्र लिम्फोमाच्या बाबतीत निर्णायक ठरते : स्टेरॉइड लसीका पेशींना थेट मारते. त्यामुळे काही दिवसांत गाठ विरघळल्यासारखी होते, रुग्ण उठून बसतो आणि घरात आनंद होतो. परंतु सगळ्या पेशी मरत नाहीत. उरलेल्या पेशी काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा वाढतात, कधी त्याच जागी तर कधी वेगळ्याच ठिकाणी.

या मधल्या काळात घेतलेला तुकडा माझ्यासारखीच्या टेबलावर येतो तेव्हा काय दिसते, हे सांगायला हवे, कारण आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. कर्करोगाच्या पेशी दिसत नाहीत. मेलेल्या पेशींचा कचरा उचलणाऱ्या फेसाळ पेशी, थोड्या साध्या लसीका पेशी आणि मेंदूच्या आधारपेशींची वाढ एवढेच दिसते. हे चित्र मल्टिपल स्क्लेरोसिससारख्या आजारात नसांचे आवरण झडते त्याच्याशी इतके मिळतेजुळते असते की चुकीचे निदान होण्याचा धोका खरा आहे. म्हणजे कवटीला छिद्र पाडून, रक्तस्रावाची जोखीम पत्करून हाती येणार ते संदिग्ध उत्तर. सर्जनांचा थांबण्याचा सल्ला म्हणूनच बरोबर आहे, आणि तो आळसातून आलेला नाही.

गाठ विरघळली म्हणजे तो लिम्फोमाच, असेही मात्र समजू नये. सारकॉयडोसिस हा दाहाचा आजार आणि नसांचे आवरण झडण्याचे काही आजारही स्टेरॉइडने आटतात. त्यामुळे केवळ औषधाच्या परिणामावरून केमोथेरपी सुरू करणे योग्य नाही. या काळात करण्यासारखे मात्र बरेच आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली स्टेरॉइड हळूहळू कमी करत थांबवावे. ते स्वतःहून एकदम बंद करू नये, कारण इतके दिवस बाहेरून मिळालेल्या औषधामुळे शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड तयार होणे मंदावलेले असते. नेत्रतज्ज्ञांकडून स्लिट लँपने डोळ्यांचा आतला भाग तपासून घ्यावा, कारण दृष्टी चांगली असतानाही तिथे या पेशी सापडू शकतात. डोक्यातील दाब वाढलेला नसल्याची खात्री झाल्यावर पाठीतून पाणी काढून त्यात पेशी शोधता येतात. एचआयव्हीची तपासणी आणि संपूर्ण शरीराचा पेट-सीटी हाही या शोधाचा भाग आहे. यांतल्या एखाद्या ठिकाणी पेशी मिळाल्या तर मेंदूची बायोप्सी टळूही शकते. ठरवलेल्या अंतराने एमआरआय करावा, आणि जुने लक्षण परतले तर तारखेची वाट न पाहता लगेच जावे. त्या वेळी पुन्हा स्टेरॉइड सुरू करण्याआधी बायोप्सी व्हायला हवी, हे फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा; रात्री-अपरात्री दुसऱ्याच डॉक्टरांकडे जावे लागले तर तेवढे वाक्य उपयोगी पडेल.

नावाचा एवढा आग्रह अशासाठी की याचा उपचारच वेगळा आहे. लिम्फोमा शस्त्रक्रियेने पूर्ण काढण्याचा खटाटोप सहसा करत नाहीत, कारण दिसते त्याच्या पलीकडेही पेशी पसरलेल्या असतात. मोठ्या मात्रेतील मेथोट्रेक्सेट शिरेवाटे देणे हा उपचाराचा कणा आहे आणि त्याला चांगला प्रतिसाद देणारे रुग्ण पुष्कळ आहेत. ज्या डॉक्टरांनी प्रथम स्टेरॉइड दिले त्यांना दोष देण्याचे कारण मला दिसत नाही. मेंदूवरचा दाब जिवावर बेतणारा असेल तेव्हा ते द्यावेच लागते. माझी विनंती एवढीच की रुग्ण शुद्धीवर आहे, दाब धोक्याचा नाही आणि चित्र लिम्फोमासारखे आहे, अशा वेळी पहिल्या इंजेक्शनआधी न्यूरोसर्जनना एक फोन व्हावा.

प्रश्न : माझ्या पुतण्याला, वय २७, दोनदा फिट आली. एमआरआयमध्ये कडीसारखी उजळणारी सुमारे ३ सेंटीमीटरची गाठ आणि भोवती सूज आहे. एक डॉक्टर म्हणतात की ही टीबीची गाठ आहे, एकेटी (क्षयावरची औषधे) सुरू करू आणि दोन महिन्यांनी पाहू. दुसरे म्हणतात, आधी बायोप्सी. छातीचा एक्स-रे स्वच्छ आहे. आम्ही कोणाचे ऐकावे? (नांदेड येथील एक वाचक)

उत्तर : कडीसारखी उजळणारी गाठ हे वर्णन आहे, निदान नव्हे. आपल्या देशात त्या कडीमागे क्षयाची गाठ, फीतकृमीच्या अळीची गाठ म्हणजे न्यूरोसिस्टिसर्कोसिस, पुवाचे गळू, इतर अवयवांतून आलेला कर्करोग, ग्लिओब्लास्टोमा म्हणजे मेंदूतलाच वेगाने वाढणारा कर्करोग, किंवा आवरण झडण्याचा आजार यांपैकी काहीही असू शकते. एमआरआय यांतील काही शक्यता बऱ्याच विश्वासाने बाजूला काढू शकतो. गळूच्या मधला पू डिफ्यूजनच्या चित्रात लख्ख उजळतो, तर मध्ये सडलेल्या कर्करोगाच्या गाठीत सहसा तसे होत नाही. कडीच्या आत अळीचे डोके बारीक ठिपक्यासारखे दिसले तर सिस्टिसर्कोसिसविषयी शंका उरत नाही. क्षयाच्या गाठीच्या मध्यात चुऱ्यासारखा घट्ट पदार्थ असल्यामुळे ती काही चित्रांत काळसर दिसते, आणि स्पेक्ट्रोस्कोपीत, म्हणजे गाठीतील रसायने दाखवणाऱ्या एमआरआयमध्ये, तिथे चरबीची उंच रेघ येते. मात्र अशीच रेघ सडलेल्या कर्करोगातही येऊ शकते, म्हणून तिच्यावर एकट्या भिस्त ठेवता येत नाही.

येथे भारतातीलच एक मोलाचे उदाहरण सांगावेसे वाटते. आपल्याकडे फिट आलेल्या तरुणांच्या सीटी स्कॅनवर एकच लहानशी उजळणारी गाठ दिसणे फार सामान्य होते, आणि तिला क्षय समजून अशा असंख्य रुग्णांना महिनोन्महिने एकेटी दिली जाई. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील मॅथ्यू चँडी, वेदांतम राजशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या सुमारास अशा गाठींचे तुकडे काढून तपासले, तेव्हा त्यांतील बहुतेक गाठी मरू घातलेल्या सिस्टिसर्कसच्या निघाल्या. त्यातून त्यांनी कसोट्या बांधल्या : गाठ एकच असावी, २० मिलिमीटरहून लहान असावी, सुजेने मेंदूची मध्यरेषा सरकलेली नसावी, फिटशिवाय दाब वाढल्याची किंवा वाढत जाणाऱ्या दुबळेपणाची लक्षणे नसावीत, आणि शरीरात दुसरा आजार नसावा. या कसोट्यांत बसणाऱ्या रुग्णाला बायोप्सीची गरज नाही आणि एकेटीचीही नाही. फिटचे औषध देऊन काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन केला की बहुधा पुरते. थोड्या रुग्णांच्या बायोप्सीमुळे नंतरच्या हजारोंची बायोप्सी टळली, हे मला या विद्येतले फार मोठे काम वाटते.

आपल्या पुतण्याची गाठ ३ सेंटीमीटरची आहे, म्हणजे ती या कसोट्यांबाहेर जाते. छातीत, मानेतल्या गाठींत किंवा पाठीतून काढलेल्या पाण्यात क्षयाचा पुरावा सापडला असता, तर एकेटी सुरू करून लक्ष ठेवणे मला पटले असते. असा पुरावा नसताना, आणि गाठ सर्जनांच्या सुईच्या आवाक्यात असताना, मी दुसऱ्या डॉक्टरांच्या बाजूने आहे. त्याचे कारण केवळ एकेटीचे यकृतावरचे आणि एथॅम्ब्युटॉलचे नजरेवरचे परिणाम एवढेच नाही. मेंदूच्या क्षयात एकेटीबरोबर बहुधा स्टेरॉइडही देतात. मग रुग्णाला बरे वाटले तर ते कोणत्या औषधाने, हे सांगता येत नाही. वरच्या पत्रातील सापळा येथेही तसाच लावलेला असतो. उलट खरोखर क्षय असला तरी उपचार सुरू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत गाठ तात्पुरती मोठी होऊ शकते. त्यामुळे दोन महिन्यांनी पाहू, असे म्हणून घेतलेली परीक्षा पुष्कळदा कोणतेच स्पष्ट उत्तर देत नाही, आणि गाठ ग्लिओमा, म्हणजे मेंदूच्या आधारपेशींची गाठ, असेल तर तेवढा वेळ वाया गेलेला असतो.

बायोप्सी ठरली तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. सगळा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकला की त्यातून जंतू वाढवणे अशक्य होते. म्हणून एक भाग फॉर्मॅलिनशिवाय, निर्जंतुक सलाइनमध्ये, कल्चर आणि सीबीनॅट तपासणीसाठी वेगळा जावा. सीबीनॅटमधून क्षयाचे जंतू असल्याचे आणि ते रिफॅम्पिसिनला दाद देतील की नाही याचेही उत्तर मिळते, आणि मेंदूच्या क्षयात हे कळणे फार महत्त्वाचे असते. ही साधी गोष्ट शस्त्रक्रियेच्या धावपळीत राहून जाते आणि नंतर कोणालाच भरून काढता येत नाही.

प्रश्न : मी २२ वर्षांचा विद्यार्थी आहे. डोकेदुखी आणि उलट्यांसाठी केलेल्या एमआरआयमध्ये मेंदूतील पाण्याच्या पोकळीत गाठ आढळली. अहवालात ‘सेंट्रल न्यूरोसायटोमा? सबएपेंडिमोमा? ऑलिगोडेंड्रोग्लिओमा?’ असे लिहिले आहे. इतक्या महागड्या तपासणीनंतरही एक नाव का सांगता येत नाही? (रत्नागिरी)

उत्तर : तीन नावे लिहिणाऱ्या रेडिओलॉजिस्टने आपले काम प्रामाणिकपणे केले आहे, आणि नावांचा क्रमही बोलका आहे. वय विशीचे, गाठ बाजूच्या पोकळीत, मधल्या पातळ पडद्याला चिकटलेली, आत लहान लहान बुडबुड्यांसारख्या पोकळ्या : हे सारे असेल तर सेंट्रल न्यूरोसायटोमाच वर येतो. सबएपेंडिमोमा बहुधा मध्यम किंवा उतार वयात आढळतो आणि कॉन्ट्रास्टने फारसा उजळत नाही. याच जागी वाढणारी आणखी एक गाठ ट्यूबरस स्क्लेरोसिस या आनुवंशिक आजारात होते. आपल्या त्वचेवर फिकट चट्टे किंवा चेहऱ्यावर बारीक पुळ्या लहानपणापासून असतील तर डॉक्टरांना जरूर दाखवा, कारण त्या गाठीवर एव्हरोलिमस हे औषध चालते आणि शस्त्रक्रियेचा बेत बदलू शकतो.

न्यूरोसायटोमा ही स्वतंत्र गाठ असल्याचे वैद्यकाला कळले तेच १९८२मध्ये, फ्रान्समधील हासून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या पेशींत चेतापेशींची चिन्हे दाखवली तेव्हा. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या गोल पेशी आणि त्यांच्याभोवतीचे स्वच्छ वलय ऑलिगोडेंड्रोग्लिओमासारखेच दिसते, आणि त्याआधी अशा कित्येक गाठी त्याच नावाने नोंदवल्या गेल्या होत्या. आज सिनॅप्टोफायसिन हे रंजक लावले की फरक सहसा स्पष्ट होतो. येथे आधी वेगळी बायोप्सी करत नाहीत. गाठ पाण्याची वाट अडवत असल्यामुळे ती काढणे हाच उपचार असतो आणि काढलेल्या गाठीवर निदान होते. न्यूरोसायटोमा ग्रेड २ची, म्हणजे आक्रमकतेच्या चार पायऱ्यांपैकी दुसऱ्या पायरीची गाठ आहे, आणि ती पूर्ण निघाली तर पुढचे भविष्य सहसा चांगले असते. डोकेदुखी अचानक वाढली, नजर धूसर झाली किंवा गुंगी येऊ लागली तर मात्र ठरलेल्या तारखेची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. साचलेल्या पाण्याचा दाब काही तासांतही धोकादायक होऊ शकतो.

प्रश्न : आईच्या मेंदूची बायोप्सी करायची आहे. नातेवाईक सांगतात की सुई लागली की गाठ भडकते आणि पसरते. हे खरे आहे का? बायोप्सी नेमकी कशी करतात? (अकोला)

उत्तर : ही भीती जवळजवळ प्रत्येक घरात बोलली जाते. मेंदूत सुईच्या वाटेने गाठ रुजल्याच्या घटना वैद्यकीय नोंदींत आहेत, परंतु त्या अत्यंत विरळ आहेत आणि केवळ त्या भीतीने निदान टाळणे योग्य नाही. बायोप्सीनंतर रुग्ण खालावल्याचे नातेवाइकांनी पाहिलेले असते ते खोटे नसते. पण बहुतेकदा ती गाठ मुळातच वेगाने वाढणारी असते, आणि बायोप्सी नसती झाली तरी तेच घडले असते.

खरी जोखीम वेगळी आहे आणि ती मोकळेपणाने सांगायला हवी. सुईच्या टोकाशी रक्तस्राव होऊ शकतो. त्यातून लक्षणे निर्माण होण्याचे प्रमाण शेकडा काही रुग्ण इतके असते, आणि मृत्यूचे प्रमाण शेकडा एकच्या आसपास असते. याशिवाय दहातील जवळजवळ एका रुग्णात तुकड्यावरून नेमके उत्तर मिळत नाही. आई ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारे दुसरे औषध घेत असतील तर ते आजच सर्जनना सांगा. ही औषधे काही दिवस आधी थांबवावी लागतात, आणि हृदयात स्टेंट असेल तर त्यासाठी हृदयरोगतज्ज्ञांचाही सल्ला लागतो.

खोलवरच्या गाठीसाठी स्टिरिओटॅक्टिक बायोप्सी करतात. डोक्याला धातूची चौकट बसवून स्कॅन काढतात, किंवा चौकटीऐवजी संगणकाच्या नेव्हिगेशनची मदत घेतात, आणि गाठीतील लक्ष्यबिंदू मिलिमीटरच्या अचूकतेने निश्चित करतात. कवटीत लहानसे छिद्र पाडून, रक्तवाहिन्या टाळणाऱ्या मार्गाने बोथट टोकाची सुई आत नेतात. तिच्या बाजूच्या खिडकीत सापडलेला शेवईएवढ्या जाडीचा, सुमारे एक सेंटीमीटर लांबीचा तुकडा बाहेर येतो. माणसावरची पहिली स्टिरिओटॅक्टिक शस्त्रक्रिया फिलाडेल्फियात स्पीगेल आणि वायसिस यांनी १९४७मध्ये प्रसिद्ध केली. आज सुईचा मार्ग एमआरआय पाहून ठरवता येत असल्यामुळे ती पुष्कळ सुरक्षित झाली आहे.

तुकडा निघाला की त्यातील तांदळाच्या कणीहूनही लहान भाग दोन काचांमध्ये दाबून, रंगवून, रुग्ण टेबलावर असतानाच आम्ही पाहतो. याला स्क्वॅश म्हणतात. मेंदूत पाणी भरपूर असल्यामुळे गोठवून कापलेल्या चकत्यांत बर्फाची भोके पडतात. स्क्वॅशमध्ये पेशी जशाच्या तशा दिसतात. पंधरा-वीस मिनिटांत मी सर्जनना सांगू शकते की गाठ हाती आली आहे, की केवळ तिच्या कडेची सुजलेली जागा आली आहे आणि सुई थोडी पुढे न्यावी लागेल. स्क्वॅशवरचे नाव मात्र तात्पुरते असते. अंतिम अहवालाला आठवडाभर, आणि जनुकीय तपासण्या लागल्या तर त्याहून अधिक वेळ लागतो. त्या दिवसांत फोनवर ऐकलेल्या नावावरून नातेवाइकांनी घाबरून जाऊ नये.

सर्वच गाठींना बायोप्सी लागते असे नाही, हेही आईच्या डॉक्टरांशी बोलताना ध्यानात ठेवा. पिट्यूटरी ग्रंथीतील प्रोलॅक्टिनोमा रक्तातील प्रोलॅक्टिनवरून ओळखला जातो आणि बहुधा गोळ्यांनीच आटतो. पिनियल ग्रंथीजवळच्या काही गाठी रक्तातल्या व मेंदूभोवतीच्या पाण्यातल्या एएफपी आणि बीटा-एचसीजी या गाठीतून स्रवणाऱ्या पदार्थांवरून कळतात, म्हणून तरुण मुलात तिथे गाठ दिसली तर सुईआधी या तपासण्या व्हायलाच हव्यात. आणि गाठीसारखी दिसणारी फुगलेली रक्तवाहिनी असण्याची थोडीही शंका असेल तर आधी अँजिओग्राफी, कारण तिथे सुई घालणे जिवावर बेतेल.

खर्चाविषयी आपण वेगळी चिठ्ठी जोडली आहे. रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अंगीकृत असेल तर तेथील आरोग्यमित्राला दाखल होण्याआधीच भेटावे. नंतर कागद जुळवणे कठीण जाते.

प्रश्न : एमआर स्पेक्ट्रोस्कोपी आणि परफ्यूजन केले तर बायोप्सी टळेल का? (पुणे)

उत्तर : काही वेळा टळते. आवरण झडण्याचा आजार कधी २ सेंटीमीटरहून मोठ्या गाठीचे रूप घेतो, आणि स्पेक्ट्रोस्कोपीत त्याचेही कोलीन (पेशींच्या आवरणाशी निगडित रसायन) वाढलेले दिसून कर्करोगाचा भास होतो. परंतु त्याची कडी पुष्कळदा अपुरी, मेंदूच्या करड्या भागाकडे उघडी राहिलेली असते, आणि परफ्यूजनमध्ये रक्ताचा पुरवठा कमी दिसतो. हे दोन्ही जुळले तर पाठीतले पाणी, मणक्याचा एमआरआय आणि काही आठवड्यांनी पुन्हा चित्र पाहून सुई टाळता येते. जिथे ती टळत नाही, तिथेही या तपासण्या वाया जात नाहीत : मोठ्या गाठीत रक्तपुरवठा आणि कोलीन सर्वाधिक कुठे आहे हे पाहून सर्जन तिथला तुकडा घेतात, आणि मला गाठीचा सर्वांत आक्रमक भाग तपासायला मिळतो.

प्रश्न : माझ्या मोठ्या भावाच्या (वय ५१) गाठीचा पहिला अहवाल ‘डिफ्यूज ॲस्ट्रोसायटोमा, ग्रेड २’ असा आला. त्याच ब्लॉकवरून (मेणात बसवलेल्या तुकड्यावरून) दुसऱ्या संस्थेने ‘ग्लिओब्लास्टोमा, आयडीएच-वाइल्डटाइप, ग्रेड ४’ असे दिले. दोहोंपैकी एक प्रयोगशाळा चुकलीच ना? (नाशिक)

उत्तर : तसे असेलच असे नाही, आणि रागावून पहिल्या डॉक्टरांशी संबंध तोडण्याआधी पुढील गोष्ट समजून घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या वर्गीकरणाने मेंदूच्या गाठींचे नाव ठरवण्याची रीत मुळातून बदलली आहे. पूर्वी पेशींचे रूपच निर्णायक असे. आता प्रौढ रुग्णाच्या अशा गाठीत आयडीएच जनुकात बदल नसेल (यालाच ‘वाइल्डटाइप’ म्हणतात) आणि टर्ट जनुकाच्या प्रमोटरमधील बदल, ईजीएफआर जनुकाच्या वाढलेल्या प्रती किंवा सातव्या गुणसूत्राची भर व दहाव्याची घट, यांपैकी एक जरी सापडले, तरी सूक्ष्मदर्शकाखाली शांत दिसणारी ती गाठ ग्लिओब्लास्टोमा, ग्रेड ४ मानली जाते, कारण रुग्णांमध्ये ती तशीच वागते. पहिल्या प्रयोगशाळेने पेशी पाहून बरोबर वर्णन केले असेल आणि जनुकीय तपासणीची सोय तिथे नसेल. याच्या उलटही घडते : आयडीएच बदललेला आणि पहिल्या व एकोणिसाव्या गुणसूत्रांचे १पी आणि १९क्यू हे दोन तुकडे गळालेले आढळले तर गाठ ऑलिगोडेंड्रोग्लिओमा ठरते आणि भविष्य पुष्कळ आश्वासक होते.

एक बारकावा विचारून घ्या. आयडीएचची तपासणी केवळ रंजकाने केली होती की जनुक वाचून? नेहमीचे रंजक आर१३२एच हा एकच बदल ओळखते. ग्लिओमातील आयडीएचच्या बदलांपैकी सुमारे नव्वद टक्के त्यात येतात, पण उरलेले सुटतात. आपल्या भावाचे वय ५५च्या आत असल्यामुळे रंजक ‘निगेटिव्ह’ आले असल्यास जनुक वाचून खात्री करणे आवश्यक आहे. त्यानंतरही गाठ कोणत्याच चौकटीत बसत नसेल तर डीएनएवरील मेथिलेशन नावाच्या रासायनिक खुणांच्या नक्षीची तपासणी हा मार्ग उरतो. जर्मनीतील हायडेलबर्गच्या गटाने २०१८मध्ये ती पद्धत मांडली, आणि दुर्मीळ गाठींच्या बाबतीत तिने आमच्या अनेक निदानांना दुरुस्त केले आहे.

माझी एक तळमळ येथे मांडते, कारण ती कुटुंबांच्या हातात आहे. प्रयोगशाळेत येणाऱ्या फॉर्मवर पुष्कळदा फक्त ‘ब्रेन बायोप्सी’ एवढेच लिहिलेले असते. वय, गाठीची नेमकी जागा, लक्षणे किती दिवसांची, स्टेरॉइड किती दिवस चालू होते, आधी रेडिएशन झाले होते का, एमआरआयमध्ये काय दिसले, यांशिवाय तुकडा पाहणे म्हणजे अर्धे पत्र वाचून उत्तर लिहिणे. तोच तुकडा पाच वर्षांच्या मुलाचा असेल तर मी एका दिशेने जाते आणि पन्नाशीच्या माणसाचा असेल तर अगदी वेगळ्या. दुसऱ्या मतासाठी मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये, बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये किंवा मेंदूविकृतीचा स्वतंत्र विभाग असलेल्या दुसऱ्या रुग्णालयात जाताना मेणाचा ब्लॉक, रंगवलेल्या स्लाइड, पहिला अहवाल आणि एमआरआयची सीडी हे सर्व बरोबर न्यावे. छापील फिल्म पुरेशी नसते. पहिला अहवाल लपवून ‘पाहू या हे काय म्हणतात’ असे कोणी करू नये. मतभेद नेमका कुठे आहे हे दिसले तरच तो सोडवता येतो.

ब्लॉक रुग्णाच्याच शरीराचा भाग आहे आणि लेखी अर्ज केल्यावर तो मिळतो. देताना-घेताना पावती जपून ठेवावी. जुने ब्लॉक वर्षानुवर्षे टिकतात आणि पुढे एखादे नवे औषध निघाले, तर त्याची तपासणी याच ब्लॉकवर करता येते. मात्र त्यातील मेण ५६ ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, म्हणून उन्हाळ्यात नाशिकहून मुंबईला नेताना तो गाडीच्या काचेखाली ठेवू नये; हातातल्या पिशवीत, कागदात गुंडाळून न्यावा.